समासातले मंत्र

जुन्या कागदाचा वास आला की तुमच्या आईचं बालपण आठवतं. दिवाळीच्या आवराआवरीत मी तिची जादूगारांची कॉमिक्स रद्दीत दिली. ती वाचूनच तिने फाशांचा एक खेळ रचला होता, आणि चार वाजता मैत्रिणी खेळायला येणार होत्या. “आई, सगळे मंत्र मी त्यांच्या समासात लिहिले होते!” असं म्हणत तिने चपला घातल्या, तेव्हा मला धास्तीच बसली. आम्ही रिक्षाने रद्दीचं दुकान गाठलं. “ताई, माल लगदा करायला सिन्नरला निघाला बघा,” दुकानदार टेम्पोकडे बोट दाखवत म्हणाला. टेम्पो थांबवून गठ्ठे सोडले. पाचव्यात कॉमिक्स सापडली. मी पान उघडलं, तर समासात माझ्यासारखाच अंबाडा आणि चष्मा घातलेली चेटकीण! खाली तिची शक्ती लिहिली होती : ‘आवरायला घेईल ते नाहीसं होतं.’ तुम्ही येता तेव्हा तुमच्या चिटोऱ्यालाही मी विचारल्याशिवाय हात लावत नाही.