गालिच्यावरचं बोधचिन्ह

"पुन्हा कर."

कोच हसत नव्हता. बाकी सगळे हसत होते. ऐंशी-नव्वद पोरं. कुणी टॉवेल गुंडाळलेलं, कुणी खांद्याचे पॅड अजून न काढलेलं. मी खाली वाकलेली, उजवा हात गालिच्यावर.

"कम ऑन. मागच्यांना दिसलं नाही. पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. गालिच्याला हात लावला, तो कपाळाला लावला. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मग कोचने भिंतीवरच्या काचेच्या पेटीतून टूथब्रश काढला आणि माझ्यासमोर टाकला.

"आता घास. ऑन युअर नीज."

मी गुडघ्यांवर बसले आणि घासलं.

मी अकोल्याची. शिकायला कॅनडात आले, प्रेअरीवरच्या एका छोट्या शहरात. शहराचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण असं कॉलेज एकच आहे असं कुणी समजू नये. इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू घेऊन, हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचा खेळ. त्या टीमच्या इक्विपमेंट रूममध्ये मी काम करायचे. चिखलाच्या जर्सी धुवायच्या, हेल्मेटचे स्क्रू आवळायचे, ओले बूट वाळवायचे. घामाच्या वासाचं मला काही वाटत नव्हतं. काम काम असतं.

लॉकर रूमच्या मधोमध गालिचा होता. त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह: वर गव्याचं डोकं, खाली उघडं पुस्तक. त्यावर पाय ठेवायचा नाही. खेळाडूने नाही, पाहुण्याने नाही, डायरेक्टरनेही नाही. कोच आला तेव्हापासूनचा नियम, चोवीस वर्षांचा. पाय पडला की गुडघ्यावर बसायचं आणि टूथब्रशने ते चिन्ह घासायचं, सगळ्यांसमोर. याला ते परंपरा म्हणत.

त्या दिवशी आम्ही हरलो होतो. कपड्यांची गाडी गच्च भरलेली, पुढचं दिसत नव्हतं. चाक गालिच्याच्या कडेला अडकलं. मी जोर लावला, तोल गेला आणि पाय पुस्तकावर पडला.

तिथे माझी चूक झाली. पाय पडला ती नव्हे. त्यानंतरची.

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आमच्या घरात देव नाहीत. देव्हाऱ्याचा कोनाडा बाबांनी माझ्या जन्माआधीच रिकामा केला आणि तिथे पुस्तकं लावली. ते सांगायचे, देवळापुढे वाकायचं नाही, माणसापुढे तर नाहीच. पण पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा. आमच्या आजोबांना शाळेत पुस्तकाला हात लावू दिला नव्हता, म्हणून. माझ्याकडे आयुष्यभराचा तेवढा एकच नमस्कार होता. तो मी त्या गालिच्यावर केला. विचार न करता. हात आपोआप खाली गेला.

आणि कोचने तो पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा खेळ झाला. मी गाडी घेऊन दारात आले की कोच नुसता एक शब्द म्हणायचा. "बाउ." मी वाकायचे. हात गालिच्याला, हात कपाळाला. मग पोरं कपडे गाडीत टाकायची. भरतीसाठी येणाऱ्या नव्या खेळाडूंना आणि त्यांच्या आईबापांना तो दाखवायचा. "बघा, आमच्याकडे या चिन्हाला किती मान आहे. ही तर इंडियाहून आलीय, तिलासुद्धा समजतं."

आईबाप कौतुकाने मान हलवायचे. एका बाईने माझा फोटो काढला.

हे सात आठवडे चाललं. का वाकलीस, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. शिक्षण संपत आलं होतं. इक्विपमेंट रूममध्ये पूर्णवेळ जागा निघणार होती आणि तिच्यासाठी कोचचं पत्र लागत होतं. नोकरी मिळाली तर या देशात कायमचं राहता येणार होतं, नाही तर आज ना उद्या परत. एवढंच. आणि आणखी एक खरं सांगते. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या पायात साधे स्पोर्ट्‌स शूज बघून याच माणसाने मला आपल्या ट्रकमधून दुकानात नेलं होतं आणि बर्फाचे बूट घेऊन दिले होते. ते बूट मी घालत होते. चांगला माणूस आहे, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. बूट देणारा हात आणि टूथब्रश फेकणारा हात एकच असू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

लिंडा माझी वरिष्ठ. साठीची, सिगरेटने आवाज खरखरीत झालेली. तिला विचारलं, "तू कधी घासलंयस?"

"हनी, इथे सगळ्यांनी घासलंय."

"आणि वाकलीयस?"

ती वॉशिंग मशीनचं झाकण लावत राहिली. 

हंगाम संपला. सलग तिसरा हरलेला. मग शहरात एकच विषय सुरू झाला, कोचला ठेवायचं की बदलायचं. कॉफीच्या दुकानात, बसमध्ये, किराण्याच्या रांगेत. एक म्हणायचा, त्याने शेतावरच्या पोरांना डिग्र्या मिळवून दिल्या. दुसरा म्हणायचा, जुने डावपेच, आता जमत नाही. सगळी चर्चा गुणांची, डावांची, तिकिटांची. गालिच्याबद्दल एक शब्द नाही. कॉलेजने पाच जणांची कमिटी नेमली आणि कळवलं की टीमशी संबंधित कुणीही येऊन बोलू शकतं.

त्या पाचांत एक मराठी माणूस होता. हाडांचे निवृत्त डॉक्टर, पूर्वी टीमचे सर्जन. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. मी त्यांच्याच बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. त्यांना काका म्हणायचे. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर "अच्छा, अच्छा" म्हणाले होते.

मी वर गेले.

"ये गं, बस. चहा घेतेस?"

"काका, मला कमिटीपुढे बोलायचंय."

सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी मराठीत सांगत होते. काका ऐकून हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसावं तसे.

"अगं, माझ्या वेळी प्लेअर्सना उघड्या अंगाने बर्फात पळवायचे. स्पोर्ट्‌समध्ये चालतं हे. डिसिप्लिन असतं ते. आणि काय करायला लावलं? नमस्कारच ना? आपल्यात तर उंबऱ्यालासुद्धा करतात."

"आमच्यात नाही करत, काका."

त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"तेच म्हणतोय मी. तुम्हा लोकांना सगळीकडे अपमानच दिसतो. देश बदलला तरी तुमचं तेच."

काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या होत्या. "अहो, काय बोलताय!"

"काय चुकीचं बोललो?"

काकूंनी वाटी माझ्यापुढे ठेवली. त्यावर लिंबाची फोड ठेवली. 

मी खिचडी खाल्ली नाही. खाली येऊन कॉटवर बसले. कोचला माझी जात माहीत नव्हती. त्याला जात हा शब्दही माहीत नसेल. काकांना पक्की माहीत होती. दोघांच्या मूळ गावांमध्ये सात समुद्र. तरी दोघांचं म्हणणं एक: तू वाक, आम्ही त्याला परंपरा म्हणू. डोकं गरम नव्हतं. उलट इतकं थंड झालं होतं की प्रत्येक गोष्ट वेगवेगळी दिसत होती.

सोमवारी कोचकडे माजी खेळाडू आले होते. टाय लावलेले, पोटं सुटलेले. आपल्या बाजूने बोलावं म्हणून त्याने बोलावले होते. मी गाडी घेऊन दारात आले.

"बाउ," कोच म्हणाला.

"नो."

"सॉरी?"

"नो, कोच. आज नाही. पुन्हा कधीच नाही."

 तो जवळ आला, अगदी हळू बोलला. "मग त्या पत्राचं विसर."

"विसरले."

मी गाडी सरळ ढकलली, बोधचिन्हावरून. चाकं गव्याच्या डोक्यावरून गेली, माझे पाय पुस्तकावरून. काही झालं नाही. चित्रातलं पुस्तक म्हणजे पुस्तक नव्हे. बाबांना हे सांगावं लागलं नसतं. मला कळायला सात आठवडे लागले.

कमिटीपुढे मी वीस मिनिटं बोलले. काका टेबलाकडे बघत होते. त्यांच्या शेजारी गाड्यांच्या शोरूमचा मालक बसला होता. कोच जावा म्हणून तो सगळ्यांत मोठ्याने ओरडत असे. माझं संपल्यावर तो खुश होऊन म्हणाला, "थँक यू. हेच हवं होतं आम्हाला."

मी विचारलं, "कोच तीन हंगाम जिंकला असता तर मला इथे बसवलं असतं?"

त्याने पेनाचं टोपण लावलं.

अध्यक्षबाई चांगल्या होत्या. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "तुला नेमकं काय हवंय? माफी?"

"माफी नको. त्यांना काढा. आणि कशासाठी काढलं ते कागदावर लिहा. हरले म्हणून काढू नका. हरण्यात गुन्हा नाही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये काकांनी गाठलं. इंग्रजीत बोलले. पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत. "यू हॅव एम्बॅरस्ड ऑल ऑफ अस."

"ऑल ऑफ अस म्हणजे कोण, काका?"

ते लिफ्टकडे गेले. महिन्याअखेर मी बेसमेंट सोडलं.

निकाल लागला. कोच गेला. हो, काढलाच. त्याला निरोपाची मेजवानी दिली, मैदानाला त्याचं नाव दिलं. कॉलेजच्या कागदावर कारण आहे: "नव्या नेतृत्वाला संधी." मी वीस मिनिटं सांगितलं त्यातली एक ओळ नाही. आणि नवा कोच कोण? त्याचाच मदतनीस. पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी टाळी वाजवली तोच. त्याने पहिल्याच मुलाखतीत सांगितलं, आमच्या परंपरा तशाच राहतील. काचेची पेटी भिंतीवर आहे. लिंडाने फोनवर सांगितलं. म्हणाली, "ब्रश नवीन घेतलाय, हनी."

खूप लोक मला म्हणतात, तू जिंकलीस. मी काही जिंकलेली नाही. कॉलेजवाल्यांना एक माणूस बदलायचा होता, माझे गुडघे त्यांच्या कामाला आले. गुडघे टेकवण्याची जागा तिथेच आहे.

आता मी कॅनडाच्याच पूर्वेकडच्या केंब्रिजला, कारखान्यात रात्रपाळी करते. पत्र मिळालं नाही, पण शिक्षणानंतर मिळणारं कामाचं तात्पुरतं परमिट अजून आहे. किती दिवस आहे ते मला माहीत आहे. मानवाधिकार कार्यालयाकडे तक्रार दिली आहे. त्यात कोचचं नाव आहे, नव्या कोचचं आहे, कमिटीतल्या पाचही जणांची आहेत. काकांचंही. माझं नाव गुप्त ठेवायचं का, असं त्या फॉर्मवर विचारलं होतं. तिथे मी "नाही" लिहिलं.

ऑगस्टमध्ये नव्या पोरांचा सराव सुरू होतो. आईबाप त्यांना गाडीतून सोडायला येतात. कारखान्यात आठवड्याची रजा टाकली आहे, बसचं तिकीट काढलं आहे. छत्तीस तासांचा प्रवास. मैदानात मला सोडणार नाहीत. पण समोरचा फूटपाथ शहराचा आहे. मी तिथे उभी राहणार. प्रत्येक गाडीची काच खाली होईपर्यंत हात दाखवणार आणि आत बसलेल्या पोराला सांगणार, तिथे तुला गुडघ्यावर बसायला सांगतील. बसू नकोस.

पोलीस बोलावतील. बोलवू देत. पोलीस गेले की पुन्हा उभी राहीन.