डाव्या चाकाची घरघर

जिल्हा नवा झाल्यावर काही वर्षांतच दुष्काळ पडला आणि लातुरातल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं बंद झालं. माझ्याकडं लिलावात घेतलेली जुनी जीप होती. तिच्यात दोनशे लिटरचे दोन पिंप ठेवून चाकूर रस्त्यावरच्या मेव्हण्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, विहिरीवरून मी रोज पाणी आणायचो. वाट चौदा किलोमीटरची. दोन्ही पिंप मागं डाव्या अंगाला उभे करायचो, कारण घराची पायरी त्या बाजूला यायची आणि पाइप लावणं सोपं जायचं. चारशे किलो एकाच चाकावर येतात हा हिशोब मला येत होता, पण तो मी कधी मांडला नाही. बायको पिंपांना लागून, डाव्या चाकावरच्या पत्र्यावर बसायची. पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून पिंपांच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरायची.

उन्हाळ्यात मागून घरघर ऐकू यायला लागली. परतताना ती वाढायची, म्हणून मी परतीच्याच नोंदी ठेवल्या: वेग किती, आवाज कुठून. अकरा नोंदी झाल्या, अकराही उजवीकडच्या.

बायको म्हणाली, "अहो, माझ्या बुडाखाली घरघरतंय. डावीकडं हाय ते."

"तू पत्र्यावर बसतीस. पत्रा वाजतोय," मी म्हणालो.

गॅरेजवाले उस्ताद माझ्यापेक्षा वयानं मोठे होते. त्यांना मी वही दाखवली. ते म्हणाले, "मागच्या एक्सलचं बेअरिंग गेलंय, हे बरोबर. पण दोन्ही बाजूंची आणा. आम्ही एकटं बदलत न्हाई."

"खराब एकच आहे. मग दोन कशाला?"

"मग गाडीला कशाला हात लावायचा, साहेब? वहीच खोलून दुरुस्त करू की."

लातुरात बेअरिंग मिळेना. एसटीनं नांदेडला गेलो आणि एकच घेऊन आलो. उस्तादांनी उजवं चाक उतरवलं, पुलर लावून एक्सल ओढला. जुन्या बेअरिंगचे रोलर चकचकीत होते, एकावर बारीक रेघ होती.

"ही बघा रेघ," मी म्हणालो.

त्यांनी ते बेअरिंग पुसून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "जपून ठेवा. लई वर्षं चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी भरले पिंप घेऊन येताना घरघर तशीच, उलट जास्तच. बायको मागं पोतं दाबून बसली होती. घरी पाणी उतरवलं, तिला सोडलं आणि जीप हळूहळू गॅरेजात नेली. उस्तादांनी डावं चाक जॅकवर उचललं आणि वरून-खालून धरून हलवलं. वरची कड बोटभर आत-बाहेर झाली.

एक्सल काढायला पुलर लागलाच नाही. तो हातानंच बाहेर आला. बेअरिंगचा पिंजरा तुटलेला, रोलर एका बाजूला गोळा झालेले, ग्रीस जळून पापडी धरलेलं, पोलाद निळं पडलेलं.

"चाकाला धरून ठेवणारं एवढंच असतं, साहेब," उस्ताद म्हणाले. "आणखी एखादी फेरी. मग चाक एक्सलसकट निघून गेलं असतं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "भाभी कुठं बसतात?"

मी डाव्या चाकावरच्या पत्र्याकडं बोट केलं, पिंप आणि पोतं कुठं असतं तेही सांगितलं. आवाज उजवीकडून का यायचा ते त्यांनीच सांगितलं. डावीकडं भरले पिंप आणि ओलं पोतं, म्हणून तो तिकडं दबायचा आणि उघड्या उजव्या बाजूनं माझ्या कानाशी यायचा. वहीतली एकही नोंद खोटी नव्हती. सगळ्या मी पुढच्या सीटवरून घेतल्या होत्या.

घरी येऊन ते तुटकं बेअरिंग ओट्यावर ठेवलं.

"कुठल्या बाजूचं?" बायकोनं विचारलं.

"डाव्या."

तिनं एक रोलर उचलून पाहिला आणि परत ठेवला. "चाक निघालं असतं?"

"हो."

तिनं भांडी घासायला घेतली. मग म्हणाली, "गाडी झाली की पहिल्या फेरीला दादाला चालवायला सांगते. तुम्ही मागं बसा."

नांदेडहून दुसरं बेअरिंग आणलं, ते बसलं, आणि मी मागं बसलो. त्या दिवसापासून एक पिंप डावीकडं, एक उजवीकडं ठेवला. मेव्हणा गाडी चालवत होता, बायको त्याच्या शेजारी होती. रस्त्यातला खडा न् खडा पत्र्यातून हाडाला लागत होता. आवाज काहीच नव्हता. तरी पोतं दाबून धरून मी घर येईपर्यंत तोच ऐकत होतो.