डाव्या अंगाची काच

परंड्यात तेव्हा मोटारी दोनच. एक तहसीलदार साहेबांची आणि एक शंकरप्पा आडत्यांची. तहसीलदारांची कोण हाकायचं ते आता कुणाला आठवत नाही. शंकरप्पांची बलभीम हाकायचा, हे म्हातारी माणसं अजून सांगतात. सांगतात तेही त्याच्या हाकण्याबद्दल नव्हे. काचेवरच्या वायपरला तो लेकरासारखं जपायचा, त्याबद्दल.

वायपर एकच होता, बलभीमच्या पुढ्यातला. डाव्या अंगाच्या काचेला काही नाही. पाऊस आला की तिच्यावरून पाणी ओघळायचं ते ओघळतच राहायचं. वायपर चालायचा इंजिनाच्या ओढीवर. उताराला भराभरा, चढाला लागला की दमेकऱ्यासारखा थांबत थांबत. उन्हाळ्यात बलभीम त्याची पाती उचलून खाली लाकडाची ढलपी घालायचा, नाहीतर परंड्याच्या उन्हात रबर काचेला चिकटून फाटायचं. रोज सकाळी ओल्या फडक्यानं धूळ टिपायचा. कोरड्या काचेवर पाती कधी फिरवायचा नाही. आणि रबराला तेलाचा हात तर लागूच द्यायचा नाही.

सोलापुरात नवं रबर घेताना ते बोटांत वाकवून, ताणून, उजेडात धरून बघायचा. बारीक चीर दिसली की परत.

"नवरी बघायलास का रबर?" दुकानदार चिडायचा.

"नवरी कशीबी चालंल. अप्पाच्या मोटारीला रबर कसंबी चालत न्हाय."

शंकरप्पा शेजारी उभे राहून हसायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. उभ्या जन्माची सवय अशी की मोटारीतसुद्धा डाव्या अंगाला मांडी घालूनच बसायचे.

मग लढाई पेटली. जपान्यांनी मलाया घेतला आणि रबर मिळेनासं झालं. "रबर पलटणीत भरती झालं," दुकानदार म्हणाला, "आता लढाई जिंकूनच घरी येईल."

त्याच साली भाद्रपदात बार्शीहून येताना पावसानं गाठलं. इंग्रजी हद्द मागं पडली, निजामाचा नाका ओलांडला, तेव्हा बलभीम बोलत होता. "अप्पा, पाती पार झिजली. सायकलीच्या ट्यूबचं रबर कापून बसवू का?" अप्पा काही बोलले नाहीत. गाडीचं दुखणं काढलं म्हणून वैतागले असतील, असं वाटून त्यानं बोलणं वळवलं. पावसाबद्दल बोलला, तुरीबद्दल बोलला, अप्पांच्या कारभारणीच्या, गिरिजाक्कांच्या, हातच्या शेंगाचटणीबद्दल बोलला. वेशीत आल्यावर त्यानं डावीकडं पाहिलं. अप्पा मांडी घालून, डोळे उघडे ठेवून समोरच्या ओघळत्या काचेकडं बघत होते. हात लावला तर अंग गार.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अप्पांना तशीच मांडी घालून खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवलं, वर बेल आणि विभूती. बलभीम काठावर उभा होता. त्याच्या मनात आलं, हे तर मोटारीतच बसल्यात.

पुढच्या पावसाळ्यात ते त्याला पहिल्यांदा दिसले. डाव्या काचेवरच्या पाण्यात कुणीतरी मांडी घालून बसलेलं. आत नाही, बाहेर नाही, काचेत.

बलभीम रविवारी सोनारीला भैरोबाच्या देवळात गेला. भूत पळावं म्हणून देवाच्या दिव्यातलं तेल बाटलीत आणलं आणि काचेच्या दोन्ही अंगांना चोळलं. रबरालाही चोळलं. हयातभर रबराला तेलापासून जपलेल्या माणसानं हे केलं. भीती माणसाकडून काय करून घेईल सांगता येत नाही. अप्पांमागं बसवलेलं ट्यूबचं रबर फुगलं, लिबलिबीत झालं. पाती आता पाणी निपटेना, तेल सारवू लागली. अप्पा गेले नाहीत. उलट सरकत सरकत बलभीमच्या पुढ्यातल्या काचेत आले. पाती त्यांना पुसायची आणि पाती परतायच्या आत ते पुन्हा बसलेले असायचे. बलभीम आणखी तेल लावायचा. शेवटी त्यानं मनाला शिकवलं की काचेत काही दिसलं तरी थांबायचं नाही. अप्पांच्या अंगातून मोटार न्यायची.

अशात अप्पांची लेक शिवकांता बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. सुईण शरणम्मा हात पुसत बाहेर आली. "माझ्या हातचं न्हाय हे. बार्शी गाठा, न्हायतर दोघंबी जातील."

"बलभीम, मोटार काढ," गिरिजाबाई म्हणाल्या.

भर दुपारी अंधारून पाऊस लागला होता. मागच्या बाकावर शिवकांताला निजवलं, पायाशी शरणम्मा बसली. गिरिजाबाई पुढं, डाव्या अंगाला बसू लागल्या. अप्पांमागं तिथं कुणी बसलं नव्हतं.

"अक्का, मागं बसा की."

"मागं जागा कुठंय? टपावर बसू का?"

मोटार निघाली. शिवकांताच्या कण्हण्यानं बलभीमचा पाय जड होत होता, वेग वाढत होता. ओढ्याच्या अलीकडं काचेत काळं काहीतरी उभं राहिलं, हात वर करून. बलभीमनं शिकवलेलं मन म्हणालं, थांबू नको.

"अरं, माणूस! माणूस हाय!" गिरिजाबाईंनी त्याचा दंड ओढला. ब्रेक लागला, चाकं चिखलात घसरली आणि मोटार हातभरावर थांबली.

घोंगडं पांघरलेला धनगर होता. त्यानं बॉनेटवर काठी आपटली. "डोळं गहाण टाकलं का रं? म्होरं छातीएवढं पाणी हाय. वरल्या अंगाला दगडी पूल हाय, तिकडनं जा!"

गिरिजाबाई बलभीमकडं वळल्या. "तुला दिसला न्हाय?"

"दिसला."

"मग?"

"अप्पा हायेत वाटलं."

मागं शिवकांतानं कळेसरशी दात आवळले. गिरिजाबाई म्हणाल्या, "आमच्यात मेलेला भूत होत न्हाय, बलभीम. लिंगैक्य होतो. शिवात मिळतो." त्या पावसात उतरल्या, काचेवर बोट ओढलं, हुंगलं. "भैरोबाचं तेल? माझ्या धन्यावर उतारा केलास?"

त्यांनी कनवटीची विभूतीची गोळी काढली, तळहातावर चुरली आणि राखेनं भांडं घासावं तशी त्याच्या पुढ्यातली काच घासली. मग पातीचं रबर पदरात धरून निपटलं. पावसानं सगळं धुऊन नेलं.

पाती फिरली. दगड दिसले, गवत दिसलं, वाट दिसली. काचेत कुणी नव्हतं.

"तुमच्या अंगाचीबी धुतो, अक्का."

"नगं."

"तेल हाय त्येच्यावर."

"ऱ्हाऊ दे. वाट तुला बघायचीय, मला न्हाय."

दगडी पुलावरून मोटार पलीकडं गेली. बलभीमनं नजर समोरून हलवली नाही. पण कानांना पाती नसते. इंजिनाच्या घरघरीतून गिरिजाबाईंचा हलका आवाज येत होता, "लेकीला नेतोय बघा. भिऊ नका."

बार्शीच्या दवाखान्यात शिवकांता वाचली, मूलही वाचलं. शरणम्मा धावत ओसरीवर आली. "मुलगी झाली! अक्का कुठं गेल्या? नात बघाया बोलीव त्यांस्नी."

बलभीम मोटारीकडं पाठ करून उभा होता.

"मोटारीत बसल्यात," तो म्हणाला. "पाऊस थांबला की येतील."