गोणीतला माड

माझी नारळ खवायची विळी कुठल्या खोक्यात आहे ते मला दोन वर्षं पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या. त्यावर मीच खडूनं "स्वयंपाकघर" लिहिलं होतं. पण खोकी उघडायची नाहीत, असा आमच्या यजमानांचा हुकूम. "एकदा ठरू दे, मग थेट तिथंच उघडू." ठरू दे, ठरू दे! या दोन शब्दांत माझी दोन वर्षं गेली आणि मी घरमालकिणीच्या विळीवर खोबरं खवत बसले.

कोल्हापुरात आम्ही तीस वर्षं काढली. मी प्राथमिक शाळेत, हे सरकारी कचेरीत. निवृत्तीनंतर माझे सांधे असे काही धरायला लागले, की थंडीत चहाचा कप उचलायलासुद्धा दोन्ही हात लागायचे. डॉक्टर म्हणाले, उबदार हवेत जा, समुद्राकडे. मला तर आनंदच झाला. आम्ही दोघंही मुळात घाटाखालचीच. माझं माहेर फोंडाघाटाला, यांचं गाव मालवणजवळ. तिथं यांच्या वाट्याचं दोन खोल्यांचं घर, पुढं खळं म्हणजे अंगण, मागं विहीर आणि थोडी जमीन. झालं, आता सामान बांधायचं आणि निघायचं, असं मी धरून चालले. कप्पाळ माझं! तेवढ्यात गोव्याहून लेकीचा फोन आला. काणकोणला तिच्या शेजारचं छोटं घर रिकामं होत होतं, परसासकट. "आई, गावात दोघंच राहून काय करणार? इथं मी आहे, दवाखाना जवळ आहे."

आता यात वाईट काय होतं सांगा? काहीच नाही. तिथंच तर घोडं अडलं. एक जागा वाईट असती तर आम्ही आठ दिवसांत दुसरीकडे राहायला गेलो असतो.

यांनी कचेरीत जन्मभर एकच काम केलं होतं. प्रकरणाच्या दोन्ही बाजू नीट कागदावर मांडायच्या आणि तो कागद साहेबाकडे पाठवायचा. ठरवायचं साहेबानं. घरात साहेब नव्हता. मला साहेब करायला माझी काही हरकत नव्हती, पण ते यांना सुचलं नाही. यांनी एक जाडजूड वही आणली, मधोमध रेघ मारली, डावीकडे मालवण, उजवीकडे गोवा. आणि "तात्पुरतं" म्हणून कुडाळात एका घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. इथून मालवण तासाभरावर, काणकोण चार तासांवर. दोन्हीकडे जाऊन यायला सोयीचं म्हणे.

मग सुरू झाल्या फेऱ्या. एकदा गाव, एकदा गोवा. परत आलं की वही. गावाला वीज जाते. गोव्यात जात नाही का? जाते, पण लवकर येते. गावच्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती? मग मे महिन्यात जाऊन बघू. मे महिन्यात बघितलं, पाणी होतं. "पण हे एकाच वर्षाचं झालं," म्हणाले. एका उन्हाळ्यात तर यांनी भिंतीवर टांगायचे दोन तापमापक आणले, एक गावच्या घरात लावला, एक लेकीकडे, आणि महिनाभर दोन्हीकडून फोनवर आकडे घेतले. महिन्याच्या शेवटी वही मिटून इतक्या दुःखी आवाजात म्हणाले, "अगो, काहीच फरक नाही."

"अहो, तोच समुद्र, तोच वारा, फरक पडणार कुठून?" मी म्हटलं. "घाम तेवढा इथं कुडाळात जास्त येतो, तो मला." त्यांनी तेही लिहून घेतलं असेल.

मला मालवणच हवं होतं, असं नाही. गोवाच हवं होतं, असंही नाही. मला एक हवं होतं. कुठलंही एक! आणि त्याला कारण होतं. आम्ही घाट उतरून आलो तेव्हा माझ्या भावानं फोंडाघाटाहून माडाचं एक रोप आणून दिलं होतं. आमच्या घरच्या माडाच्या नारळाचं, तीन पात्यांचं, काळ्या पिशवीत. "नव्या घरात लाव," म्हणाला. आमच्याकडचा माड धरायला सहा-सात वर्षं घेतो. मी तेव्हा एकसष्टची. मनातल्या मनात मी हिशेब केला होता, अडुसष्टाव्या वर्षी माझ्या परसातला नारळ माझ्या विळीवर. कोल्हापुरात तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत कुंडीतली तुळस सांभाळली. एक झाड तरी जमिनीत लावून जायचं होतं हो मला. बाकी काही मागणं नव्हतं.

पिशवी पुरेना झाली तेव्हा मी रोप सिमेंटच्या रिकाम्या गोणीत हलवलं आणि घरमालकिणीच्या मागल्या दाराशी ठेवलं. ती रोज बघायची आणि म्हणायची, "बाईनू, माड काय गोणयेत वाढता? जमिनीत घाला तेका." मी म्हणायची, "कुठल्या जमिनीत ते आमच्या यजमानांना विचार."

दुसरं वर्षही संपत आलं तेव्हा माझी एकदा तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुम्हाला ठरवता येत नाही ना? मग देवीला विचारा. कौल लावा." हे लगेच तयार. साहेब सापडला होता!

आम्ही यांच्या गावच्या देवळात गेलो. आमच्याकडं देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची आधी गळली तर होय, डावीकडची गळली तर नाही. पुजाऱ्यानं पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, "काय विचारूचा आसा?" यांनी खिशातून कागद काढला. प्रश्न लिहून आणला होता! दोन परिच्छेद. शेवटी, "तरी मालवण की गोवा, याबाबत मार्गदर्शन व्हावे." मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

पुजारी हसू दाबत म्हणाला, "असा नाय विचारूचा. ह्या की त्या, असा देवीक कसा सांगता येतला? होय काय नाय, इतक्याच विचारा."

मग त्यानं स्वतःच गाऱ्हाणं घातलं, ह्या तुझ्या लेकरान गावात येवन रवाचा काय? हे "व्हय म्हाराजा" म्हणाले. आम्ही बघत उभे. माझे गुडघे दुखत होते, पण मी हलले नाही. आणि टपकन उजवी पाकळी पडली. अशी स्वच्छ उजवी! मी हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं. मनात खड्डा खणून झाला, माड लावून झाला.

आणि शेजारी हे म्हणाले, "आता गोव्याचा पण विचारून टाक बघू."

"अहो, कशाला?" मी एवढ्यानं ओरडले की पुजारीही दचकला.

"अगो, दुसरी बाजू नको? एकतर्फी होईल ते."

पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवी पडली. पुजारी म्हणाला, "देवीक दोनय चलतत. आता ठरवचा काम तुमचा." आणि यांनी देवळाच्या पायरीवर बसून वहीत लिहिलं, "दोन्ही अनुकूल." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढायची आणि ताट आपटायची.

पाचव्या दिवशी मी टेम्पो सांगितला. कुठं जायचं ते टेम्पोवाल्याला सांगितलंच नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. यांना म्हटलं, "रविवारी सकाळी गाडी येईल. तोवर काय ते ठरवा. नाही ठरलं तर मी गाडीत बसून फोंड्याला माहेरी जाईन." रविवारी सकाळी हे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून वही हातात घेऊन बसलेले; ठरलं काहीच नव्हतं. सामान चढलं. खोकी चढली. राहिला माड.

मी गोणी उचलायला गेले तर हलेना. टेम्पोवाला आला, त्यानं जोर लावला, तरी हलेना. घरमालकीण वाकून बघते तर गोणीचं बूड फाटलेलं आणि बोटाएवढी जाड मुळं खाली तिच्या जमिनीत शिरलेली. "आता ओढू नकात गो," ती म्हणाली, "मरतलो तो."

हे सगळ्यांत शेवटी आले. मुळांकडे बराच वेळ बघितलं आणि यांचा चेहरा असा खुलला! "बघ गो, ह्यानं आपणच जागा धरली. हा पण एक कौलच म्हणायचा. अजून एक पावसाळा इथं काढू या का? रोप दमदार झालं की..."

दोन वर्षांत मला इतका संताप कधी आला नव्हता. नवरा ठरवणार नाही, देवी ठरवणार नाही, आणि आता गोणीतल्या मुळ्या मला सांगणार, कुठं राहायचं ते? घरमालकिणीचा कोयता भिंतीला टेकलेला होता. मी तो घेतला आणि त्या दुखऱ्या हातांनी एकेक मूळ तोडलं. ती "अगो बाये, अगो बाये" करत राहिली. "मेला तर मेला!" मी म्हटलं. "पण जमिनीत मरू दे. आमच्या जमिनीत!"

ओल्या गोणपाटात गुंडाळून माड गाडीत ठेवला. टेम्पोवाल्यानं विचारलं, "बाईनू, खंयचो रस्तो धरू?" मी यांच्याकडं बघितलं. हे वही उघडत होते. मुळं तुटलेलं रोप उन्हात चार तास काढणार नव्हतं, एक तास काढलं असतं. "मालवण," मी म्हटलं. दोन वर्षांच्या काथ्याकुटाचं एवढंच उत्तर होतं. लेक फोनवर रुसली, मग "आई, निदान ठरलं तरी" म्हणाली.

त्या दुपारी आम्ही विहिरीच्या कडेला खड्डा खणला. म्हणजे यांनी खणला, घामाघूम होऊन. मी तळाला मीठ आणि राख घातली. तिसरं खोकं उघडलं, विळी काढली. पात्याला गंज चढला होता, तो चिंचेनं घासून काढला.

तीन आठवड्यांत माड वाळला. आधी खालची पाती, मग वरची. एका सकाळी मधल्या कोंबाला नुसता हात लावला, तर तो सुटून हातात आला. मी तिथंच चिऱ्यावर बसले आणि रडले. एकसष्टची आता त्रेसष्टची झाले होते. आज नवं रोप लावलं तरी सत्तर. दोन वर्षं कुणी परत देणार होतं का मला?

हे मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "चुकलंच माझं." लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मग म्हणाले, "फोंड्याहून दुसरं रोप आणतो. उद्याच जातो."

"जा," मी म्हटलं.

दोन पावलं गेले आणि वळले. "पण लावायचं कुठं? इथंच, की खळ्याच्या बाजूला? तिकडे ऊन जास्त..."

"त्याच खड्ड्यात," मी म्हटलं.