गुरुवारचा लाल ठिपका

चिखलीतल्या एका वर्कशॉपमधल्या तपासनिसाला दोन वर्षांपूर्वी त्याच्या टेबलावरून उठवून गेटवर बसवलं. कामात अनियमित, असं कारण सांगितलं गेलं. ते खोटं होतं. चूक मी बनवलेल्या ॲपची होती. हे ठाऊक असलेला एक माणूस होता आणि तो गप्प बसला. तो मीच.

मी प्रोग्रामर नाही. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात प्लॅनिंगला होतो. निवृत्त झाल्यावर पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून होणाऱ्या भांडणांत मध्यस्थी करणं एवढाच उद्योग उरला होता. एक दिवस मोबाईलवर एक मुलगी हसत हसत सांगताना दिसली, की कोडची एक ओळ न लिहिता कोणीही धंद्यासाठी ॲप बनवू शकतो. चौकोन उचलायचा, हवा तिथे ठेवायचा. मला वाटलं, जन्मभर आपण दुसरं केलं काय? चौकोनच भरले.

चार दिवसांत मी टँकरचं ॲप बनवलं. टँकर पूर्वीइतकेच उशिरा येत, पण आता किती उशिरा आले ते निळ्या आलेखात दिसे. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, ‘सर, तुम्ही आयटीत हवे होतात.’ त्यानंतर आठवडाभर मी घरात कोणावर ओरडलो नाही, असं आमची ही अजून सांगते.

ती कीर्ती वाकडला पोचली. एकेकाळी माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून आलेला एक जण तिथे राहतो. चिखलीतल्या त्या वर्कशॉपचा मालक तोच, माल चाकणच्या कंपन्यांना जातो. तो म्हणाला, “सर, आमच्याकडे अजून वहीच चालते हो. ऑडिटला आलेली पोरं वही बघून एकमेकांकडे बघतात. लाज वाटते.”

ती वही तपासनिसाची होती. खेडकडच्या शेतकरी घरातला माणूस, बावीस वर्षं त्याच टेबलावर. सकाळी प्रत्येक मशीनवर निघालेला पहिला नग तो मोजायचा, माप वहीत लिहायचा, सही करायचा. त्या सहीशिवाय मशीन पुढे चालत नसे. मालकाचंसुद्धा.

मी त्या वहीचं ॲप बनवून टॅब त्याच्या हातात दिला तेव्हा त्याने विचारलं, “साहेब, ह्याच्यात खाडाखोड करता येती का?”

“नाही. तोच तर फायदा.”

“मग चुकलं तर?”

“ॲप चुकत नाही हो.”

“ॲपचं न्हाई, माणसाचं इचारतोय,” तो म्हणाला. मी ते हसण्यावारी नेलं.

ॲपच्या फुकटच्या योजनेत चारच माणसांना जागा होती. मालक, मालकाची सून, मी आणि तपासनीस. म्हणजे एक जण काम करणार आणि तिघं त्याच्याकडे बघणार. कारखाना आधुनिक झाला तो असा.

खंडेनवमीला यंत्रांबरोबर टॅबचीही पूजा झाली. लेथला झेंडूची माळ, टॅबलाही माळ. मालकांनी कुंकवाचं बोट लावलं ते नेमकं ‘सबमिट’वर पडलं आणि ॲपमध्ये पहिली नोंद कोरी गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल मिळाली.

टॅबमध्ये मी एक डॅशबोर्ड केला होता. नोंद असली की हिरवा ठिपका, नसली की लाल. खाली ‘नियमितता’ टक्क्यांत. नव्वदच्या खाली गेली की सगळी पट्टीच लाल. नव्वदच का? आकडा दिसायला बरा वाटला म्हणून.

दोनतीन आठवड्यांनी तपासनीस माझ्याजवळ आला. “साहेब, हे दर शुक्रवारी सकाळी मला लाल दावतंय. काल काय राहिलं म्हणून इचारतंय. काल तर सुट्टी व्हती.”

मी त्या वेळी आलेखाचा रंग बदलत होतो. मान वर न करता म्हणालो, “रिफ्रेश करा.”

तीन महिन्यांनी मालकांनी मला बोलावलं. टॅबवर लाल पट्टी, त्र्याऐंशी टक्के. “सर, डोळे उघडलेत तुमच्या ॲपनं. बावीस वर्षं आम्ही त्या वहीवर विश्वास ठेवला!” कोणत्या तारखा लाल आहेत, ते त्यांनी पाहिलं नाही. मीही नाही. टक्केवारी दिसत असताना तारखा कोण बघतो? मी गंभीरपणे मान हलवली. सोमवारी तपासनीस गेटवर बसून ट्रकचे नंबर लिहू लागला.

पुढच्याच महिन्यात एका ओळखीच्या क्लासचालकांसाठी हजेरीचं ॲप करताना सेटिंगच्या एका पानावर गेलो. ‘साप्ताहिक सुट्टी : रविवार.’ आयत्या साच्यात ती खूण आधीच केलेली होती. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. कारखाना दर गुरुवारी बंद, म्हणून दर गुरुवारी लाल ठिपका. आणि रविवारी त्या माणसाने केलेलं काम ॲपने मोजलंच नव्हतं.

मी हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. “अहो, तीस वर्षं गुरुवारी घरात बसून माझं डोकं खाल्लंत. रविवारच्या एका लग्नाला धड आला नाहीत. आणि गुरुवारच विसरलात?”

“निवृत्तीनंतर सगळेच वार रविवार,” मी म्हणालो.

“मग जा आणि त्या माणसाला हे सांगा. विनोद मला नको.”

मी गेलो नाही. घरबसल्या ती खूण रविवारवरून गुरुवारवर नेली, बस्स. जुने लाल ठिपके मागच्या महिन्यांत गाडले गेले. टेबलावर आलेल्या नव्या माणसाची नियमितता एका आठवड्यात शंभर टक्के झाली. मालकांचा फोन आला, “बघा सर, माणूस बदलला आणि फरक पडला!” मी म्हणालो, “छान.” त्या एका शब्दाने मी जुन्या तपासनिसावर दुसऱ्यांदा शिक्का मारला.

या वर्षी कळलं की तो दोन महिन्यांनी निवृत्त होतोय, गेटवरूनच. मी एका शनिवारी चिखलीला गेलो.

गेटवर तोच होता. ओळख दाखवली नाही. रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, वेळ, कोणाला भेटायचे, काम. अक्षर जुन्या वहीतलंच. ‘काम’च्या रकान्यात मी लिहिलं : ‘ॲपमध्ये सुट्टी चुकीची टाकली होती. चूक माझी, तपासनिसाची नव्हे.’ रकान्यात मावेना, खालच्या ओळीत उतरलं.

त्याने वाचलं. “गुरुवारच ना?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तवाच सांगितलं व्हतं की. तुम्ही रिफ्रेश करा म्हणला.” मग पेन परत माझ्याकडे. “सही ऱ्हायली.”

ते रजिस्टर मी मागून घेतलं आणि वर नेऊन मालकांपुढे ठेवलं. ते म्हणाले, “सर, ते ॲप कधीच बंद केलं आम्ही. नवीन सॉफ्टवेअर आलंय. आता कशाला उकरायचं?”

“त्यांना टेबलावरूनच निवृत्त होऊ द्या. आणि का, ते सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर मी सांगतो.”

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. “ठीक आहे. सोमवारपासून बसू दे त्यांना. सांगतो मी सगळ्यांना.”

खाली येऊन रजिस्टर परत दिलं, निरोप दिला. त्याने माझी जाण्याची वेळ लिहिली आणि मान वर केली.

“सोमवार कशापायी? उद्या रविवार हाय, मशिनी चालू हायत. पहिला नग उद्याच मोजतो.”