रस्ता पाठ असलेली माणसं

मी तांडा सोडला त्या सकाळी फूफीनं माझ्या गळ्याला मिठी मारून ढावलो सुरू केला. मुलगी सासरी निघाली की आपल्या बाया गळ्यात गळा घालून जे रडतं गाणं म्हणतात, तो ढावलो. फूफी म्हणजे माझ्या बांची थोरली बहीण. मुलगी घर सोडून जाताना दुसरं काही म्हणायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. दोन ओळी होतात न होतात तोच याडी, माझी आई, त्यात मिसळली, मग शेजारच्या काकी. माझ्या हातात पत्र्याची पेटी, पाठीवर कॉलेजची बॅग, बॅगेत रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून नेमणूक झाल्याचं पत्र, आणि भोवती लग्नाचं रडणं. बा थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "पुरे करा. हे सासरी नाही चालली, नोकरीवर चालली."

फूफी डोळे पुसत म्हणाली, "मंग नोकरीवर जाताना काय म्हंतात, ते सांग."

आपल्या तांड्यातून नोकरीसाठी बाहेर पडणारी मी पहिलीच मुलगी. त्या जाण्याचं गाणं अजून कोणी बांधलं नव्हतं.

तांड्यावर राहिलेल्या, आणि माझ्यासारख्या पुण्याला, सुरतला, हैदराबादला पांगलेल्या आपल्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवते आहे. घरी आपण गोरबोलीतच बोलतो, पण बाहेर वाढलेल्या आपल्या पोरांना ती धड समजत नाही, म्हणून मराठीत लिहिते.

बांनी पेटी डोक्यावर घेतली आणि आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेलो. एसटीला वेळ होता. त्यांनी एकच विचारलं, तू माणसांची गाडी चालवणार की मालाची. मी म्हटलं, सुरुवातीला मालाचीच. बस आली, पेटी आत गेली, आणि बस हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. चाकांकडे पाहत राहिले.

त्या पाहण्याचा अर्थ मला कळत होता. तुम्हीही हे लहानपणापासून ऐकलं आहे. आपले लोक लदेणी करायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर माल पोचवायचे. इकडून धान्य न्यायचं, समुद्राकडून मीठ आणायचं. लमाण हे नावच लवणावरून, मिठावरून पडलं असं म्हणतात. मग इंग्रजांची रेल्वे आली आणि महिन्याच्या वाटेचा माल दोन दिवसांत जाऊ लागला. बैल विकावे लागले. ज्यांच्याकडे न्यायला माल नाही ते लोक फिरतात कशाला, असा सरकारला संशय आला, आणि कायद्यानं आपल्याला जन्मापासूनचे गुन्हेगार ठरवलं. बांचे आजे रोज संध्याकाळी पोलीस पाटलापुढे उभं राहून हजेरी देत. हजेरी चुकू नये म्हणून तांडा तिथंच बसला, गावाबाहेरच्या मुरमाड गायरानावर, जिथं दुसऱ्या कोणाला राहायचं नव्हतं. बा म्हणायचे, "लोखंडानं बैल खाल्ला, मंग मानूस खाल्ला." आणि आता त्यांची मुलगी त्याच लोखंडाकडे निघाली होती.

पुसद, वाशीम, अकोला, आणि तिथून रेल्वेनं भुसावळ. भुसावळचं ऊन आपल्या उन्हाहून वाईट. पाण्याला खारट चव, भाजीवाल्या बाईची बोली अर्धी कळायची नाही, आणि माझं 'मले-तुले' ऐकून हॉस्टेलच्या मुली हसायच्या. महिनाभरात मी 'मला-तुला' करायला शिकले. पण ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा इंजिनाजवळ नेलं, तेव्हा माझी कोणतीच बोली चालेना. दुरून इंजिन पाहणं वेगळं, आणि त्याच्या चाकाशी उभं राहणं वेगळं. चाक माझ्या छातीपर्यंत येत होतं. ते उभंच होतं, तरी पायाखालची खडी बारीक थरथरत होती. मी नकळत हात जोडले. मागं कोणी पाहिलं असेल तर पाहिलं असेल.

माझे पहिले लोको पायलट होते रहीमभाई. मूळ यवतमाळचे. लोहाऱ्याला औद्योगिक वसाहतीजवळ त्यांच्या वडिलांचं ट्रक दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तीस वर्षं भुसावळात काढूनही त्यांची बोली जागची हलली नव्हती. मी उमरखेडकडची म्हटल्यावर त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "मंग आधी जेव. आपल्या जिल्ह्याची पोरगी उपाशी इंजिनात नाही बसाची." त्यांनी मला सिग्नल शिकवले, ब्रेक शिकवले, आणि सगळ्यात आधी रस्ता शिकवला.

हे तुम्हाला नवं वाटेल. रेल्वेत नवा मार्ग मिळाला की आधी तो रस्ता शिकावा लागतो. कुठं चढ सुरू होतो, कुठं वळण, कोणता सिग्नल झाडाआड लपतो, कुठं उतारावर मागचे डबे इंजिनाला ढकलू लागतात, हे सगळं फेऱ्या मारून पाठ करायचं. पाठ झालं की सही करून द्यायची, मला हा रस्ता येतो. रस्ता न येणाऱ्याच्या हाती गाडी देत नाहीत. रहीमभाई डोळे मिटून भुसावळ ते बडनेरा सांगायचे, नदी, पूल, फाटक, चढ. मी तोंडात बोट घालून ऐकायचे.

एका सकाळी आम्हाला गुजरातकडून आलेली एक मालगाडी पुढं न्यायला मिळाली. मी रहीमभाईंना विचारलं, आत काय आहे. ते सहज म्हणाले, "मीठ."

गाडी सुटायला वेळ होता. तपासणीसाठी मी गाडीच्या कडेनं चालत निघाले. बेचाळीस डबे. एका दाराच्या फटीखाली पांढरी धार सांडली होती. मी बोट लावून चाखली. मीठच. मग चालता चालता मी मनात बैल मांडू लागले. एका बैलाच्या पाठीवर दोन गोण्या, म्हणजे फार तर क्विंटलभर ओझं. एका डब्याला सहाशेच्या वर बैल. बेचाळीस डब्यांचा हिशेब करताना मला थांबावं लागलं. तेवढे बैल एकामागं एक लावले असते तर पहिला बैल मलकापूर मागं टाकून नांदुऱ्याला पोचला असता आणि शेवटच्याचं पाऊल अजून भुसावळातच असतं. आणि हे ओढणार होतो आम्ही दोघं, एक म्हातारा होत आलेला माणूस आणि एक तांड्याची पोरगी.

मला आधी इंजिनाचा अचंबा वाटला. मग मलकापूरच्या पुढं केव्हातरी उलटंच वाटू लागलं. हे इंजिन नव्हतं तेव्हाही मीठ जातच होतं. घराघरांत वरणात पडतच होतं. कोणीतरी ते पायी नेलं होतं, नद्या ओलांडून, बायकापोरं सोबत घेऊन, दर मुक्कामाला गोण्या उतरवून आणि सकाळी पुन्हा लादून. त्या माणसांना पुढं कोणी चोर म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, पण सिग्नल मोठ्यानं पुकारायचा असतो, तो मी पुकारला.

चार वर्षं अशी गेली. बा भुसावळला आले नाहीत, मीही फार आग्रह केला नाही. मग एक दिवस आपल्या तांड्याच्या नायकांचा फोन आला. नव्या रेल्वेमार्गाची मोजणी झाली होती, गायरानात खुंट्या ठोकल्या होत्या, आणि त्या खुंट्यांच्या पट्ट्यात अकरा घरं येत होती. फूफीचं घर त्यातच. ज्यांच्याकडे सातबारा होता त्यांची नावं यादीत होती. गायरानावर बसलेल्या तांड्याकडे कोणता सातबारा असणार? नायक म्हणाले, तू रेल्वेतली आहेस, तू कर काहीतरी.

मी आठ दिवसांची रजा काढून आले. तुमच्यापैकी काहींनी माझ्याकडे कसं पाहिलं ते मला आठवतं. मी तुमच्याकडून आले की त्यांच्याकडून, हे तुम्हाला कळत नव्हतं. मलाही नव्हतं. मी फक्त गाडी चालवते, जमिनीच्या बाबतीत माझं कोणी ऐकत नाही, हे मी सांगितलं. पण अर्ज लिहिता येत होता. अकरा घरांचे अकरा अर्ज लिहिले, लाइटबिलं, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले जोडले. जागा पाहायला एक तरुण इंजिनिअर येणार होते. त्यांच्याबरोबर बांनी जावं, असं ठरलं. बा नको म्हणतील असं वाटलं होतं. ते चपला घालून उभे राहिले.

त्या दिवशी जे झालं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

आम्ही खुंट्यांच्या ओळीनं निघालो. बा पुढं, इंजिनिअर मधे, मी मागं. अर्धा तास चालल्यावर माझ्या लक्षात आलं, बा खुंट्यांकडे बघतच नव्हते. मान खाली घालून आपल्या चालीनं चालले होते, आणि खुंटी मात्र दरवेळी त्यांच्या पायाजवळच येत होती. टेकडीला वळसा आला, बा वळले, खुंट्याही वळल्या. खिंड आली, बा खिंडीत शिरले, खुंट्याही तिथूनच. इंजिनिअरनं थांबून विचारलं, काका, तुम्ही नकाशा पाहिला का. बा म्हणाले, "नकाशा नाही. हा लदेणीचा रस्ता आहे. लादलेल्या बैलाले चढ झेपत नाही."

इंजिनिअर माझ्याकडे बघू लागले. भरलेल्या मालगाडीलाही चढ झेपत नाही. चार वर्षं मी तेच शिकले होते. मोठ्या यंत्रांनी, आकाशातून काढलेल्या फोटोंनी डोंगरातली सर्वांत सोपी वाट शोधून काढली होती, आणि ती वाट बैलांनी आधीच शोधून ठेवली होती.

एका ठिकाणी मात्र खुंट्या टेकडी कापून सरळ गेल्या होत्या. बा तिथं थांबले आणि म्हणाले, इथं मोजणीवाल्यायले घाई झाली. मग त्यांनी खालच्या नाल्याकडे बोट दाखवलं, आणि पुराचं पाणी कुठवर चढतं ते एका उंबराच्या खोडावर हात ठेवून सांगितलं. इंजिनिअरनं ते वहीत लिहून घेतलं, खोडावर खूणही केली.

परतताना बा त्या वाटेवरच्या मुक्कामांची नावं सांगू लागले. वाघझरी, मोहाचा दरा, सातविहिरी, काळंपाणी. प्रत्येक नाव म्हणजे एक पाणी, कारण बैलाचा मुक्काम पाण्यावरच पडतो. उमरखेडच्या वेशीपासून थेट समुद्रापर्यंत अडतीस नावं. मधे कुठं अडखळणं नाही. त्यातली फार तर चार ठिकाणं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बाकीची त्यांच्या आजांनी, हजेरी देऊन आल्यावर, त्यांना मांडीवर बसवून पाठ करून घेतली होती. आजे स्वतः अगदी लहानपणी शेवटच्या एक-दोन खेपांना गेले होते.

मी विचारलं, ज्या रस्त्यानं पुन्हा जायचंच नव्हतं तो कायले शिकवला त्यांनी.

बा म्हणाले, "त्याले वाटे, एक दिवस सरकार हजेरी बंद करन. मंग पुन्हा बैल भरू. तवा रस्ता कोनाले तरी याले पायजे."

माझे पाय तिथंच थांबले. गावाबाहेरच्या माळावर बसवलेला, रोज संध्याकाळी मान खाली घालून उभा राहणारा एक माणूस, आणि त्याच्या डोक्यात समुद्रापर्यंतचा अख्खा रस्ता शाबूत. कायद्याच्या पुस्तकात तो गुन्हेगार होता. आमच्या रेल्वेच्या पुस्तकात ज्याला रस्ता येतो त्याच्याच हाती गाडी देतात. सही करायला कागद असता तर त्यानं अंगठा दिला असता, आणि तो अंगठा खरा असता.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षं हेलपाटे झाले, पण अकराही नावं यादीत लागली. नाल्यापलीकडे जागा मिळाली, ग्रामपंचायतीत घरांची नोंद झाली, नमुना आठवर तांड्यातल्या माणसांची नावं पहिल्यांदा उमटली. सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. गायरान गेलं, शेळ्यांना आता लांब न्यावं लागतं. फूफीनं नव्या घराचं दार पूर्वेला नाही म्हणून आठ दिवस चूल मांडली नाही.

नवी घरं उभी राहिली त्या हिवाळ्यात बा पहिल्यांदा भुसावळला आले. त्यांना स्टेशनच्या पादचारी पुलावर नेलं. खालून एक मालगाडी निघाली. बा कठड्याला धरून डबे मोजत होते, ओठ हलत होते, आणि शेवटचा डबा गेल्यावरही मान तिकडंच होती. मग त्यांनी विचारलं, "याले पानी कुठं पाजता?"

मी म्हटलं, हे विजेवर चालतं, पाणी पीत नाही. मग थांबतं कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सिग्नल नसला तर थांबतं, आणि माणसं बदलायला थांबतं. इंजिन थकत नाही, आम्ही थकतो.

बा हसले. "म्हंजे बैल तुमी."

बाहेर पडलेल्यांनो, तुम्हालाही लोक विचारत असतील, घर कुठं. मी आधी जिल्ह्याचं नाव सांगायचे, मग तालुक्याचं, आणि तांड्याचं सांगायच्या आत विषय बदलायचे. आता तसं होत नाही. बांच्या फोनमुळे असेल. ड्युटीवरून आले, आंघोळ झाली, की क्वार्टरच्या गॅलरीत फोन घेऊन बसते आणि बा मला रस्ता शिकवतात. बाहेर केळीचे ट्रक जात असतात, कुठंतरी शंटिंगचा आवाज येतो, आणि मी पाण्यांची नावं म्हणत असते. एकोणीसपर्यंत पाठ झाली आहेत. तेवढा वेळ मी घरी असते, भुसावळात बसून. विसावं नाव दर वेळी निसटतं. चुकले की बा रागावत नाहीत. ते म्हणतात, पुन्हा उमरखेडपासून. मग मी पुन्हा उमरखेडपासून निघते.