सात पानं कमी

१९७१ च्या पावसाळ्यात नागपुरात आमच्या महाल भागात एक बातमी फिरत होती: शरच्चंद्र पांढरीपांडे मास्तरांनी हरड्यांची सोन्याची पोथी एका गोऱ्या साहेबाला विकली आणि घरावर स्लॅब टाकला. मी पानठेल्यावर ऐकली तेव्हा साहेब एकटाच होता. संध्याकाळपर्यंत त्याच्यासोबत एक मेमही आली होती. मेम कुणी आणली ते विचारू नका. गोष्टीला थोडं मीठ लागतंच.

मास्तर आमचे शेजारी, भिंतीला भिंत. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणजे पोरांकडून कमळ आणि किटली काढून घ्यायचे. अंगानं इतके किडकिडीत, की सदरा अजून दोरीवरच वाळतोय असं वाटे. माणूस गरीब गाय, पण एक खूळ होतं. जुन्या पोथ्यांतली रंगीत चित्रं. देवदर्शनाला जावं तसे ते दर रविवारी गांधीबागेत चंपतराव हरड्यांच्या घरी जायचे. खाली कापडाचं दुकान, वर देवघर, आणि देवघरात लाल रुमालात बांधलेली, दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवलेली कृष्णकथेची पोथी. चारशे वर्षांची. सुटी लांबट पानं, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, आणि कृष्णाच्या मुकुटाला खरं सोनं.

पोथीची राखण चंपतरावांच्या आई, सुभद्राबाई करत. त्यांचे कायदे इंग्रजांपेक्षा कडक. आंघोळ करून यायचं, चामड्याचा पट्टा खाली सोडायचा, कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही. पातळ कागद पानावर ठेवून पेन्सिलीनं हलकेच उतरवून घ्यायचं, एका रविवारी एक चित्र, तेवढीच मुभा. चित्रं सदतीस. घरी मास्तरांची बायको गोपिकावहिनी म्हणायच्या, "त्या पोथीतल्या बायांच्या साडीचे काठ मोजून राहिले तुम्ही. माह्या साडीले ठिगळ लागलं, ते दिसलं का?" मास्तर खरोखरच वळून बघायचे, आणि वहिनी कपाळाला हात लावायच्या.

खूळ म्हणालो, पण त्यात त्यांचा जीव अडकला होता. मोठमोठे जाणकार सांगत की अशी चित्रं गुजरात-राजस्थानातली, विदर्भात कुणी काढलीच नाहीत. मास्तर म्हणत, मग गवळणींच्या अंगणात कापसाची पराटी कशी? तीही बोंडं फुटलेली! आणि शेवटच्या पानावर लिहिणाऱ्यानं वैनगंगेकाठचं आपलं गाव लिहून ठेवलं आहे, त्याचं काय? ते सगळ्यांना पत्रं लिहीत. उत्तरं येत नसत. त्यांना फार काही नको होतं. एखाद्या जाणत्या माणसानं ती पोथी एकदा डोळ्यांनी पाहावी आणि म्हणावं, होय, ही तुमच्याकडचीच.

सात वर्षांनी एक उत्तर आलं. पुण्याचे दत्तोपंत म्हणून मोठे अभ्यासक जून महिन्यात नागपूरला येणार होते. पोथी पाहीन म्हणाले, पण आधी तिची नीट यादी पाठवा: पानं किती, ओळी किती, कुठली पानं नाहीत. ते पोस्टकार्ड मास्तरांनी मला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "मास्तर, आता याले फ्रेम करून टाका." त्यांनी खरंच फ्रेमचा विचार केला असावा.

आता एक गोष्ट. हरड्यांच्या घरात ती पोथी कुणी उलगडून वाचलेली नव्हती. रुमालावर फूल वाहायचं, सणाला पहिलं पान दाखवायचं, झालं. पानांच्या कडेचे आकडे पहिल्यांदा मास्तरांनीच क्रमानं लावले. सुभद्राबाई माळ ओढत समोर बसल्या होत्या.

"काय लिहून राहिले, मास्तर?"

"पानं मोजून राहिलो, माय. एकशे बारा पाहिजेत, एकशे पाच आहेत. मधली सात नाहीत."

खरं सांगायची सवय मोठी वाईट. बाईंचा हात मण्यावर थांबला.

"म्हंजे पोथी मोडकी हाय?"

"मोडकी काहून? लोकांच्या पोथ्यांत चाळीस-चाळीस पानं नसतात. ही तर फार चांगली."

"हात तुटलेली मूर्ती ठेवता का तुमी देवघरात?"

मास्तर ठेवतील कसे? त्यांच्याच वडिलांनी तडा गेलेला बाळकृष्ण नदीत सोडला होता, आणि तेव्हा वडिलांच्या मागे हात जोडून मास्तरच उभे होते.

बाईंनी दाराकडे पाहिलं. आत सून प्रेमिला भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. सातवा महिना. याआधीची दोन लेकरं जन्मून आठवडाभरही राहिली नव्हती.

"म्हणून व्हय," बाई हळूच म्हणाल्या. "आमी मोडका देव पुजून राहिलो."

मास्तरांनी समजावलं. पोथीचा आणि बाळाचा संबंध नाही म्हणाले, डॉक्टरला दाखवा म्हणाले, पोथी हवी तर माझ्या घरी ठेवतो म्हणाले. "अन् मंग तुमच्या घरी इघीन आलं तर?" बाई म्हणाल्या. त्या बाईला स्वार्थ नव्हता हो, तीच अडचण होती. भांडता येईना.

पुढच्या आठवड्यात दत्तोपंत आले. मास्तर त्यांना घेऊन गांधीबागेत गेले. काय म्हणून घेऊन गेले, देव जाणे. बहुधा पाहुण्याला नाही म्हणायचं कसं ते सुचलं नसावं. चंपतराव कौतुकानं वर गेले आणि रिकामा पाट पाहून खाली आले.

"मास्तर, पोथी कुठं हाय?"

मास्तर हातातल्या यादीची घडी घालू लागले.

"मी तुमाले इचारून राहिलो! देवघरात तुमच्याबिगर कोणी परका येते का?"

मास्तरांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. वरून माळेचे मणी सरकल्याचा आवाज येत होता. तेवढाच. दुकानातले गिऱ्हाईक कापड हातात धरून ऐकत होते, आणि बातमीचा जन्म तिथंच झाला.

दत्तोपंत भला माणूस. त्यांनी बाहेर येऊन मास्तरांनी उतरवलेली सगळी सदतीस चित्रं पाहिली. "हात सुरेख आहे तुमचा," म्हणाले. "पण यावरून काय सिद्ध होणार? पराटी तर तुम्हीही काढू शकता." वर्षभरानं त्यांचा लेख आला. विदर्भात अशा चित्रांचा पुरावा नाही, असं एका ओळीत होतं. मास्तरांच्या सात वर्षांवर हरताळ फासला गेला.

दत्तोपंत येऊन गेले त्याच वर्षीच्या श्रावणात प्रेमिलाला मुलगी झाली, आणि जगली. लोकांनी त्यातूनही काढलंच: पाहा, मास्तरानं पोथी नेली तरी देवानं हरड्यांना दिलं. चंपतरावांनी मास्तरांना पुन्हा दुकानाची पायरी चढू दिली नाही. स्लॅब खरा गोपिकावहिनींच्या भावानं टाकून दिला होता, पण भावात काय मजा? मीही तेव्हा साहेब-मेम चालवत होतो. मास्तर भिंतीपलीकडून ऐकत असतील. प्रेमिलाची पोरगी मोठी होऊन मास्तरांच्याच शाळेत आली. वर्गातली सगळ्यात वाईट कमळं तिची. मास्तरांनी तिच्या वहीवर कधी लाल खूण केली नाही.

१९८४ साली दवाखान्याच्या खाटेवर त्यांनी मला सगळं सांगितलं. सुभद्राबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. मी म्हटलं, "आता तरी बोला लोकांपाशी." ते म्हणाले, "शप्पथ माय गेली म्हणून सुटत नाही गा. पोरगी हाय ना." चार महिन्यांनी मास्तरही गेले.

पोथी विकली गेली नव्हती. यादी केल्यानंतरच्या सोमवारी सुभद्राबाई आणि मास्तर एसटीनं बाईंच्या माहेरी, मौद्याला गेले. चंपतराव तेव्हा दुकानाचा माल आणायला बाहेरगावी गेले होते. बाईंनी मास्तरांना पोटातल्या बाळाची शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही. बाईंचे गुडघे धरलेले होते, त्यांना नदीत उतरता आलं नाही. कन्हानच्या डोहात पोथी मास्तरांनी स्वतः सोडली. पानं एकशे पाचच्या एकशे पाच होती. त्यांनी एकही ठेवून घेतलं नाही.